गुणपत्रिकेतले रकाने

वक्तृत्व स्पर्धेच्या परीक्षकाला स्टेजसमोरच्या टेबलाशी नेऊन बसवलं की त्याच्यापुढे ठरावीक वस्तू येतात. गुलाबाचं फूल, पाण्याची बाटली, बिस्किटांची बशी, बॉलपेन आणि एक छापील कागद. कागदावर डावीकडे स्पर्धकांचे क्रमांक आणि वर रकाने: विषयाची मांडणी, भाषाशैली, आवाज व उच्चार, हावभाव, एकूण परिणाम. प्रत्येकी दहा गुण, बेरीज पन्नास. हा कागद कोणी आणि कशाच्या आधारावर तयार केला, हे आयोजकांनाही ठाऊक नसतं. गेल्या वर्षीचाच आहे, तारीख तेवढी बदलली, असं उत्तर मिळतं. 'आवाज' म्हणजे मोठा आवाज की ऐकावासा वाटणारा? हावभाव जास्त असले तर गुण जास्त द्यायचे की कमी? 'एकूण परिणाम' कोणावर झालेला धरायचा, परीक्षकावर की मागच्या बाकांवर शिट्ट्या मारणाऱ्या पोरांवर? हे विचारायला सवड नसते, कारण तोवर सूत्रसंचालिकेनं पहिलं नाव पुकारलेलं असतं.

ही पुस्तिका त्या कागदाबद्दल आहे. मुलांनी भाषण कसं करावं याची पुस्तकं मराठीत ढीगभर आहेत, आणि त्यातली बरीचशी म्हणजे तयार भाषणांचे संग्रहच असतात. मुलांची भाषणं ऐकावीत कशी आणि जोखावीत कशी, याबद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही. परीक्षक म्हणून बोलावताना माणूस प्राध्यापक आहे, पत्रकार आहे, वकील आहे, नाहीतर एखादा कवितासंग्रह नावावर आहे, एवढं पाहिलं जातं. चांगलं बोलणाऱ्याला चांगलं ऐकता येतंच, असं आपण धरून चालतो. माझा अनुभव उलटा आहे. उत्तम वक्ते पुष्कळदा वाईट परीक्षक असतात. समोरच्या पोरात ते स्वतःला शोधत बसतात.

मुलं बोलायला शिकतात ती बक्षिसाकडे बघून. यंदा पहिला आलेल्या मुलाचं भाषण कोणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं असतं. ते शिक्षकांच्या ग्रुपवर फिरतं आणि पुढच्या वर्षी आसपासच्या शाळांतून त्याच चढउतारांसह ऐकू येतं. परीक्षक आज दहापैकी आठ लिहितो तेव्हा त्या तालुक्यातली मुलं पुढच्या वर्षी कशी बोलतील, हेही त्याच पेनानं लिहितो. आजकालची मुलं नुसती ओरडतात, विचार कमी आणि अभिनय जास्त, ही तक्रार मी परीक्षकांच्या खोलीत चहा पिताना वर्षानुवर्षं ऐकते आहे. तक्रार खरी आहे. पण त्या ओरडण्याला गेल्या वर्षी ढाल कोणी दिली?

आपल्याकडे हा प्रकार नवा नाही. मुंबईत 1848 साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी मिळून स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. तिच्या मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभांतून तरुण पोरं निबंध वाचत आणि त्यावर चर्चा होई. याच मंडळींनी पुढे मुलींच्या शाळाही चालवल्या. म्हणजे बोलणं आणि करणं यांत तेव्हा फार अंतर नव्हतं. पुण्यात 1875 साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि ती चालवणाऱ्या संस्थेचं नाव आहे वक्तृत्वोत्तेजक सभा. परक्या सरकारपुढे आणि आपल्याच समाजापुढे उभं राहून मुद्देसूद बोलू शकतील अशी माणसं त्या पिढीला हवी होती. वक्तृत्व हा तेव्हा शोभेचा गुण नव्हता, सार्वजनिक कामाची गरज होती. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत आपण व्याख्यानमाला गावोगाव नेल्या, फिरते करंडक आणले, पहिल्या क्रमांकाला पाच आकडी रक्कम ठेवली. ती मूळची गरज मात्र गुणपत्रिकेच्या एकाही रकान्यात उतरली नाही.

त्याहून कितीतरी मागे जायचं तर रोमला जावं लागेल. इसवी सनाच्या पहिल्या शतकात क्विंटिलियन नावाचा वक्तृत्वाचा शिक्षक तिथे होता. मूळचा स्पेनचा, आणि सरकारी तिजोरीतून पगार घेणारा. मुलाला लहानपणापासून वक्ता कसं करावं यावर त्यानं बारा भागांचा ग्रंथ लिहिला. त्यात तो स्वतःच्या शाळेची आठवण सांगतो. गुरुजी मुलांना गुणवत्तेनुसार रांग लावून देत, ज्याचा क्रमांक वरचा तो आधी बोले, आणि महिन्याभरानं पुन्हा कसोटी होऊन क्रमांक बदलत. हरलेल्याला उट्टं काढायची संधी तीस दिवसांत मिळायची. आपल्याकडे ती वर्षानं मिळते, तोवर मुलगा दहावीत गेलेला असतो आणि घरचे म्हणतात, आता ही थेरं बंद. दुसऱ्याचं भाषण चालू असताना मुलांनी उठून टाळ्या पिटण्याचंही क्विंटिलियनला वावडं होतं. मुलानं दाद शोधावी ती मास्तरच्या चेहऱ्यावर, असं त्याचं म्हणणं. आणि त्याचं सर्वांत कामाचं निरीक्षण कोवळ्या वयातल्या अतिरेकाबद्दल आहे. पोरवयातलं बोलणं पसरट, भडक, अलंकारांनी लगडलेलं असलं तरी चालेल, ते पुढे छाटता येतं. मुळातच कोरडं असेल त्याला मात्र इलाज नाही. फार कडक सुधारणा केली तर मुलगा चुकायलाच घाबरतो, आणि चुकायला घाबरला की काही करेनासा होतो. शाळकरी मुलांच्या परीक्षकाला आजही मी आधी हेच सांगेन.

आता प्रत्यक्ष हॉलमध्ये येऊ.

'सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावर विराजमान मान्यवर, तज्ज्ञ परीक्षक आणि येथे जमलेल्या माझ्या तमाम बंधू-भगिनींनो' इथून सुरुवात होते. मग सुविचार. मग एक कवितेचा तुकडा. कुसुमाग्रजांची 'कणा' मी इतक्या विषयांना जोडलेली ऐकली आहे की ती कशालाही जोडता येते, अशी माझी खात्री झाली आहे. एक ऑगस्टच्या आसपास शेंगांची टरफलं, तीन जानेवारीच्या आसपास शेणाचे गोळे. मधे एका ठिकाणी आवाज फुटेस्तोवर चढतो, मुठी आवळल्या जातात, 'कधी? कधी? कधी?' असा तीनदा सवाल येतो आणि हॉल टाळ्यांनी दणाणतो. पहिली घंटा वाजते, वेग दुप्पट होतो, आणि 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो, जय हिंद, जय महाराष्ट्र' म्हणत स्पर्धक पायऱ्या उतरतो. यात मुलाचा दोष मला दिसत नाही. त्यानं कागदावरचे पाचही रकाने इमानेइतबारे भरलेत. मांडणी आहे, शैली आहे, आवाज तर आहेच.

2023 च्या ऑगस्टात कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागलं आणि नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. त्याच्या पुढच्याच महिन्यात त्या भागातल्या एका आंतरशालेय स्पर्धेला मी परीक्षक होते. विषय अर्थातच बळीराजा. एकामागून एक मुलं आली आणि फास, विहीर, सावकार, कोरडी जमीन हे सगळं येऊन गेलं. बागायती गावातल्या, ज्याच्या घरी दोन ट्रॅक्टर आहेत अशा मुलानंही भेगाळलेल्या जमिनीवर अश्रू ढाळले. मग नववीतली एक मुलगी आली. हात दोन्ही बाजूंना सरळ, आवाज एका पट्टीत, नजर समोरच्या भिंतीवर. तिनं कांद्याची चाळ कशी असते ते सांगितलं. पट्ट्यांमध्ये फट का ठेवतात, उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये भरला की वजन कसं घटत जातं, पावसाळ्यात काजळी कशी धरते, एक सडका निघाला की आजूबाजूचे किती काढून टाकावे लागतात. तिचे वडील रोज संध्याकाळी चाळीच्या कडेकडेनं चालत वास घेतात, असं ती म्हणाली. वास बदलला की समजायचं, आता भाव असो नसो, काढावाच लागणार. ज्या आठवड्यात वास बदलला त्याच आठवड्यात शुल्क लागलं आणि बाजार समितीचं गेट बंद झालं. 'सरकारला चाळीचा वास येत नाही,' असं काही ती म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली नाही. शहरातल्या लोकांना कांदा स्वस्त हवा असतो, ते आपल्या जागी बरोबर आहेत, आम्हीही डाळ विकतच घेतो, असं म्हणून ती थांबली. दीड मिनिट शिल्लक होतं.

तिला तिघांच्या बेरजेत उत्तेजनार्थ मिळालं. हावभावांच्या रकान्यात एका परीक्षकानं दोन गुण दिले होते, आणि कागदाप्रमाणे ते बरोबरच होते, हावभाव नव्हतेच. 'मुलगी हुशार आहे हो, पण वक्तृत्व नाही,' असं ते म्हणाले. त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट, तिची कारणं, दुसऱ्या बाजूची कबुली आणि जिथं सांगण्यासारखं संपलं तिथं थांबण्याची समज, एवढं सगळं असून ते वक्तृत्व होत नसेल, तर आपली व्याख्या तपासायला हवी. त्या दिवशी पहिला आलेल्या मुलाच्या भाषणातलं मला आज एकही वाक्य आठवत नाही. मुठी आठवतात.

त्या सहपरीक्षकांना मी नावं ठेवत नाही. माणसाचं मन जोखण्याच्या कामात कसं फसतं, यावर शंभर वर्षांपूर्वीच लिहिलं गेलं आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 साली दाखवून दिलं की लष्करातले वरिष्ठ आपल्या हाताखालच्यांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांचे वेगवेगळे गुण देतात खरे, पण ते गुण एकमेकांशी संशय यावा इतके जुळतात. एक गोष्ट आवडली की बाकीच्या रकान्यांतही तिचा उजेड पडतो. 'हेलो इफेक्ट' हे नाव तिथून आलं. वक्तृत्वाच्या गुणपत्रिका काढून बघा: ज्याला आवाजात नऊ, त्याला मांडणीतही आठ-नऊच असतात, मांडणी नावाची गोष्ट भाषणात असो वा नसो. रकाने पाच, पण गुण एकाच ठशाचे. चिया-जुंग त्साय या संशोधिकेचा 2013 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तर याहून गमतीचा आहे. संगीत स्पर्धांचे खरे विजेते ओळखायला सांगितल्यावर, नुसता आवाज ऐकणाऱ्यांपेक्षा आवाज बंद करून चित्रफीत बघणाऱ्यांना ते जास्त बरोबर ओळखता आले. आणि यात कसलेले संगीतकारही होते. संगीतात ही गत, तर फेटा बांधून, नऊवारी नेसून, कपाळावर चंद्रकोर रेखून आलेल्या वक्त्याचं काय होत असेल!

यावर एक साधा तोडगा मला लागू पडला आहे. भाषण चालू असताना मी आकडे लिहीत नाही, वाक्यं लिहिते. वक्त्याचा मुख्य दावा काय, त्याला आधार कोणता दिला, कुठलं उदाहरण त्याचं स्वतःचं वाटलं, आणि माझं लक्ष कुठे सुटलं. भाषण संपल्यावर दाव्याची जागा कोरी राहिली असेल तर मांडणीच्या रकान्यात आठ लिहायला हात धजत नाही. आवाजानं भारावलेल्या माणसालाही कोरा कागद दिसतोच.

उच्चारांबद्दल मी इथे थोडी तिखट बोलणार आहे. 'उच्चार' या रकान्यात मराठी मुलांवर जेवढा अन्याय होतो तेवढा बाकीच्या चारांत मिळून होत नसेल. नंदुरबारचा, चाळीसगावचा, गोंदियाचा, उमरग्याचा मुलगा 'पाणी'ला 'पानी' म्हणाला की परीक्षकाच्या पेनाला लगेच कंप सुटतो. तोच परीक्षक स्वतः 'ज्ञान' कसं म्हणतो, 'ष' आणि 'श' यांत किती फरक करतो, हे त्याला कोणी विचारत नाही. घरी अहिराणी, गोंडी किंवा पावरी बोलणारं मूल प्रमाण मराठीत सात मिनिटं उभं राहतं, तेव्हा ते दुसऱ्या भाषेत भाषण करत असतं. शहरातल्या मुलानं इंग्रजीत भाषण केलं तर आपण त्याच्या धिटाईचं कौतुक करतो, मग इथेच मोजपट्टी का बदलते? मी एवढंच तपासते: शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचला का? अर्थ कुठे अडला का? अडला नसेल तर 'न' आणि 'ण' माझ्या हिशेबात नाहीत. वाक्यांचा शेवट गिळणं, श्वास न घेता पळणं, माइकमध्ये तोंड खुपसणं, हे दोष आहेत आणि ते दुरुस्त होण्यासारखे आहेत. आजीनं दिलेला 'न' हा दोष नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, तीही सांगून टाकते. मुलाचा आवाज चढला तर 'जोश', मुलीचा चढला तर 'कर्कश'. दोन्ही शेरे मी एकाच स्पर्धेत, एकाच हस्ताक्षरात वाचले आहेत.

आता थोडं गणित, कारण बेरीज ही निर्विकार गोष्ट आहे असा आयोजकांचा समज असतो. समजा तीन परीक्षक आहेत आणि प्रत्येकाकडे पन्नास गुण. पहिल्यानं एका मुलीला 41 आणि एका मुलाला 39 दिले. दुसऱ्यानं मुलीला 40, मुलाला 38. तिसरा आकड्यांत मोठं अंतर ठेवणारा. त्यानं मुलीला 28 आणि मुलाला 36 दिले. बेरीज केली तर मुलगी 109, मुलगा 113, म्हणजे मुलगा पुढे. पण तिघांपैकी दोघांच्या मते मुलगी सरस होती! ज्या परीक्षकाच्या आकड्यांत जास्त अंतर, त्याचंच मत चालतं. बाकीचे दोघे चहाला आल्यासारखे असतात. यावर उपाय अवघड नाही. गुणांच्या बेरजेबरोबर प्रत्येक परीक्षकानं लावलेले क्रमांकही मांडायचे. दोन्हींतून एकच नाव आलं तर प्रश्न मिटला. वेगळी आली तर तिघांनी दहा मिनिटं बसून बोलायचं, आणि 28 का दिले हे तिसऱ्यानं सांगायचं. कदाचित त्याला इतरांच्या लक्षात न आलेलं काही दिसलं असेल: भाषण जसंच्या तसं एखाद्या संग्रहातलं होतं, किंवा त्यातला आकडा धादांत खोटा होता. म्हणून क्रमांकांवर डोळे मिटून विसंबणंही मला मान्य नाही. बोलायला हवं. आयोजक मात्र त्याच वेळी दारात उभे राहून विचारत असतात, 'मॅडम, झालं का? पाहुण्यांना निघायचंय.'

बोलण्याचा क्रम हाही असाच दुर्लक्षित विषय. बेल्जियमच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेत अंतिम फेरीचे बारा वादक आठवडाभर, रोज दोघे, असे वाजवतात आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. फ्लोरेस आणि गिन्सबर्ग या दोन अभ्यासकांनी 1996 साली त्या स्पर्धेचे निकाल तपासले, तेव्हा पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांच्या वाट्याला वरचे क्रमांक कमी येतात असं दिसलं. चिठ्ठी तर निव्वळ नशिबाची असते, मग असं व्हायचं कारण परीक्षकांच्या डोक्यातच शोधावं लागतं. पहिल्या स्पर्धकाला गुण देताना 'पुढे याहून चांगला आला तर?' म्हणून हात आखडतो, आणि तो पुढे कधी सैल होतो ते आपल्यालाही कळत नाही. आपल्याकडे तर एका दिवसात चाळीस-पन्नास भाषणं ऐकायची असतात. जेवणानंतरच्या पहिल्या चार मुलांची मला कायम दया येते. किमान एवढं करता येईल: पहिल्या तिघांचे गुण पेन्सिलनं लिहावेत आणि दहावं भाषण झाल्यावर एकदा मागे वळून पाहावं.

पाठांतराचा प्रश्न सगळ्यांनाच छळतो. भाषण कोणी लिहिलंय, मुलानं की मास्तरांनी? आठवीतला मुलगा 'नवउदारमतवादी अर्थव्यवस्थेच्या रेट्याखाली' असं म्हणाला की परीक्षक एकमेकांकडे बघतात. पण नुसत्या संशयावर गुण कापणं बरं नव्हे. असली वाक्यं खरोखर स्वतः लिहिणारी मुलंही मी पाहिली आहेत. इथे सर्वांत कामाला येतो तो एक प्रश्न. भाषणानंतर परीक्षकानं एक मिनिट घ्यावं आणि साधं काही विचारावं: 'तुझ्या गावात असं कुठे पाहिलंस?' किंवा 'तुझ्याशी सहमत नसलेला माणूस काय म्हणेल?' पाठ केलेलं भाषण तिथे संपतं आणि मुलगा दिसायला लागतो. कोणी गडबडतो, तेही चालतं. एक मुलगा मला म्हणाला होता, 'मॅडम, हे मी लिहिलं नाही, पण मला पटतं, कारण माझा काका ऊसतोडीला जातो,' आणि पुढची दोन मिनिटं तो काकाबद्दल जे बोलला ते त्याच्या सात मिनिटांहून सरस होतं. वेळ वाढतो, आयोजक कुरकुरतात, हे खरं आहे. मग स्पर्धक कमी घ्या, प्राथमिक फेरी शाळेतच उरका.

शाळेतल्या वर्गाची कथा तर वेगळीच. दहावीला भाषा विषयांत अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण असतात. 2019 च्या परीक्षेत ते काढले गेले आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. केवढा गदारोळ झाला! पुढच्या वर्षी गुण परत आले. टक्का किती घसरला, अकरावीच्या प्रवेशाचं काय, यावर रकानेच्या रकाने छापून आले. पण मुलाला ऐकायला आणि बोलायला येतं का, ते तपासायचं कसं, यावर त्या गदारोळात कोणी तोंड उघडल्याचं मला आठवत नाही. साठ-सत्तर पोरांच्या वर्गात सरसकट अठरा-एकोणीस देऊन मोकळं होणाऱ्या शिक्षकाला मी बोल लावणार नाही. त्याला ना वेळ दिला जातो ना साधन. या पुस्तिकेतलं एक प्रकरण खास त्याच्यासाठी आहे.

आणि मग निकालाआधीचं परीक्षकांचं मनोगत. सात मिनिटं झाल्यावर मुलांना घंटा देणारी माणसं स्वतः पाऊण तास बोलतात. आपल्या कॉलेजच्या दिवसांतली ढाल, थोर वक्त्यांशी झालेली भेट, दोन विनोद, आणि शेवटी सल्ला: वाचन वाढवा, आत्मविश्वास ठेवा, बक्षिसासाठी बोलू नका. समोर चाळीस मुलं जीव मुठीत धरून बसलेली असतात. यातलं एकही वाक्य त्यांच्यातल्या एकाच्याही भाषणाबद्दल नसतं. अमेरिकेत राल्फ स्मेडली यांनी वायएमसीएमध्ये तरुणांना बोलायला शिकवता शिकवता 1924 साली कॅलिफोर्नियातल्या सँटा अ‍ॅना इथे टोस्टमास्टर्सचा पहिला क्लब काढला. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक भाषणाला नेमून दिलेला एक मूल्यमापक असतो. तो दोन-तीन मिनिटं बोलतो ते फक्त त्या एका भाषणाबद्दल, आणि त्याच्या मूल्यमापनाचंही मूल्यमापन होतं. 'अं… अं…' किती वेळा आलं ते मोजायलाही माणूस असतो. हा सगळा थाट मला थोडा अतीच वाटतो. सगळ्यांनी एकाच इस्त्रीतून निघाल्यासारखं बोलावं असा धोका त्यात आहे. पण मूळ कल्पना घेण्याजोगी आहे: बोलणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या भाषणाबद्दल काहीतरी नेमकं कळलं पाहिजे.

नेमकं म्हणजे कसं, ते एका शेऱ्यावरून सांगते. आग्र्याहून सुटकेवर बोलणाऱ्या सातवीतल्या एका मुलाला परीक्षकाच्या चिठ्ठीत असं लिहून मिळालं होतं: 'पेटारे बाहेर निघतात त्या जागी तू आवाज खाली आणलास आणि पहारेकरी झाकण उघडतो की नाही म्हणून आम्ही सगळे थांबलो. तसं आणखी एका ठिकाणी करून बघ. शेवटची दोन मिनिटं तू ओरडलास, तिथे मला शब्द कळले नाहीत. आणि महाराज आजारी असल्याचं सोंग का करतात, हे तू सांगितलंच नाहीस. ते सांगितलंस तर पेटारे कुठून आले ते ऐकणाऱ्याला कळेल.' बक्षीस न मिळालेल्या त्या मुलानं ती चिठ्ठी वहीला डकवून ठेवली होती, असं त्याच्या वर्गशिक्षिकेनं मला सांगितलं. 'प्रयत्न चांगला, सराव वाढवावा' असं लिहिलेली चिठ्ठी कोणी डकवत नाही.

कोणीच लायक नसेल तर पहिला क्रमांक राखून ठेवावा का, हा वाद 2022 साली पुण्यात रंगला होता. पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत परीक्षकांनी त्या वर्षी करंडक कोणालाच दिला नाही. काहींना तो दर्जाचा आग्रह वाटला, काहींना पोरांच्या मेहनतीचा अपमान. 1963 पासून चालत आलेल्या आणि स्वतःची परंपरा असलेल्या स्पर्धेला तो अधिकार आहे, असं माझं मत. शाळकरी वक्तृत्वात मात्र मी हे कधीही करणार नाही. तिथे पहिला म्हणजे त्या दिवशी आलेल्यांतला पहिला. तेरा वर्षांच्या मुलाला अखिल मराठी वक्तृत्वाच्या इतिहासाशी तोलायचं काम परीक्षकाकडे दिलेलं नसतं.

पुस्तिकेच्या शेवटी एक नमुना गुणपत्रिका जोडली आहे. ती पूर्ण आहे असा दावा नाही. 'हावभाव' हा रकाना तिच्यात नाही. तो का काढला ते एव्हाना लक्षात आलं असेल. 'आवाज व उच्चार' याच्या जागी 'शेवटच्या रांगेपर्यंत कळलं का' असा रकाना आहे, दहा गुणांचा. 'स्वतः पाहिलेलं किंवा तपासलेलं' याला पंधरा, 'दावा आणि त्याचा आधार' याला पंधरा, प्रश्नाच्या उत्तराला दहा. उजवीकडे तीन ओळींची मोकळी जागा आहे, ती मुलाला फाडून द्यायच्या चिठ्ठीसाठी. महाविद्यालयीन आणि वादविवादाच्या स्पर्धांना हे गुण बदलावे लागतील, त्याच्या सूचना त्या पानामागे आहेत. कोणीही तिच्या हव्या तेवढ्या झेरॉक्स काढाव्यात. आयोजकांना विनंती एवढीच की परीक्षकाच्या टेबलावर ठेवण्याआधी आठवडाभर ती स्पर्धकांच्या शाळांकडे पाठवा. कशाला गुण आहेत हे मुलांना भाषण लिहायला बसण्यापूर्वी कळू द्या.